३६ बाटल्या: वाइन चाखण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

"कुठली वाइन घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आदल्या आठवड्यात प्यायलेल्या बाटलीचं नाव ठोकून देतो. ती शिफारस नव्हे, आळस आहे. म्हणून हे काम काढलं, नावं न बघता चाखून शिफारशींची यादी करायची: सहा प्रकार, प्रत्येकात किंमतीचे तीन थर, प्रत्येक थरात दोन बाटल्या. एकूण ३६. ताई म्हणाली, "आकडाच छत्तीसचा काढलास, आता आपली भांडणं ठरलेली."

प्रकार असे: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), हलकी व्हाइट, भरीव व्हाइट, हलकी रेड, भरीव रेड आणि शेवटी गोड व फोर्टिफाइड (वरून मद्यार्क मिसळलेली). थरांना खालचा, मधला, वरचा एवढीच नावं. मधला म्हणजे खालच्याच्या साधारण अडीचपट, वरचा सहापट आणि पुढे. रुपयांचे आकडे वहीत लिहायचे नाहीत. ते बदलत राहतात, पटीचा हिशेब टिकतो.

चाखणारे चौघं: मी, ताई, भाऊजी आणि रसायनशास्त्र शिकवणारा एक मित्र. ओतायचं काम भाच्याकडे. तो नोकरीला लागलाय, पण दारूला शिवत नाही. त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस घरात दुसरा नाही.

गुणपत्रक २० गुणांचं. रंग २, वास ६, चव ८, एकूण परिणाम ४. अर्ध्या गुणाचीही सोय ठेवली.

११ जानेवारी

आज वाइन नाही, तालीम. चौघांनी 'तुरट' शब्द एकाच अर्थाने वापरावा म्हणून कोऱ्या चहाचे दोन पेले केले. एक दोन मिनिटं मुरवलेला, एक दहा मिनिटं. दुसऱ्याने जीभ आणि हिरड्या सुकल्यासारख्या होतात ना, तो तुरटपणा. रेडमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंडातलं वंगण जातं. मग लिंबूपाणी: घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते, तो आंबटपणा. भाऊजी इतके दिवस दोन्हींना 'कडक' म्हणत होते. आता नाही म्हणणार, असं त्यांनी कबूल केलंय.

बाटल्या कागदी पिशव्यांत झाकायचा बेत भाच्याने मोडीत काढला. "मामा, आकारावरून कळतं की." खरंच आहे. बोर्दोच्या बाटलीला ताठ खांदे असतात, बरगंडीचे उतरते (दोन्ही फ्रान्सचे वाइन-प्रदेश), रीसलिंग या द्राक्षाच्या व्हाइटची उंच आणि सडपातळ. तेव्हा तो आत, स्वयंपाकघरात, जगमध्ये ओतणार आणि आमच्यापुढे फक्त आकडे चिकटवलेले ग्लास येणार.

प्रत्येकी ५० मिली. सहा ग्लास गिळले तर ३०० मिली होतात. १३ टक्क्यांच्या हिशेबाने शुद्ध अल्कोहोल साधारण ३१ ग्रॅम. चौथ्या ग्लासपासूनचे गुण मग वाइनचे नसून मूडचे. म्हणून थुंकायचं. पिकदाणी शब्द ताईला आवडला नाही. स्टीलचे चार उंच डबे ठेवलेत, त्यांना 'डबा' म्हणायचं ठरलं.

१८ जानेवारी: स्पार्कलिंग

६ ते ८ अंशांवर. पहिल्याच बैठकीत लेबलवरच्या शब्दांनी घोळ घातला. 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली बाटली 'ब्रूट'पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली असं समजून घेणारा माणूस फसतो, आणि चूक त्याची नसते. यादीत हे सगळ्यात वर लिहिणार.

किंमत कशाची, हे इथे बऱ्यापैकी उलगडतं. इटलीच्या प्रोसेक्कोचं दुसरं आंबवणं (बुडबुडे त्यातूनच येतात) मोठ्या बंद टाकीत होतं, फळाचा ताजेपणा टिकतो, काम लवकर उरकतं. स्पेनची कावा, फ्रान्सच्या क्रेमाँ आणि शॅम्पेन यांचं ते बाटलीतच होतं, आणि मेलेल्या यीस्टच्या गाळावर बाटली पडून राहते. कावा किमान ९ महिने. साधी शॅम्पेन बाटलीत एकूण किमान १५ महिने, त्यातले १२ गाळावर. सालाचा उल्लेख असलेली तीन वर्षं. भाजलेल्या पावाचा वास येतो तो त्या गाळाचा. म्हणजे वरच्या थरात तुम्ही वेळ विकत घेता (आणि नाव, तेही बरंच).

चौघांनाही खालच्या थरातली कावा मधल्या थरातल्या एका बाटलीपेक्षा आवडली. क्रेमाँला सर्वाधिक सरासरी. शॅम्पेन दुसरी. भाच्याने नावं वाचली तेव्हा भाऊजी म्हणाले, "हरकत नाही, पण हे कुणाला सांगू नका."

२५ जानेवारी: हलकी व्हाइट

फ्रिजमधून काढून लगेच ओतली आणि पहिले दोन ग्लास वाया गेले. ४ अंशांवर वासच येत नाही. ग्लास तळहातात धरून दहा मिनिटं बसलो. ९-१० अंशांवर आल्यावर साँव्हिन्यों ब्लाँ एकदम बोलायला लागली: हिरवी ढोबळी मिरची, ग्रेपफ्रूटची साल. मिरचीचा वास पायराझीन नावाच्या संयुगांचा. मित्राने त्यावर वीस मिनिटं घेतली, इथे लिहीत नाही.

मजा आली ती पाचव्या ग्लासला. भाऊजींनी नाक घातलं, मागे सरकले आणि म्हणाले, "यात रॉकेल आहे."

खराब म्हणून बाजूला ठेवणार होते. ती सहा वर्षं जुनी रीसलिंग निघाली, वरच्या थरातली. रीसलिंग मुरली की टीडीएन हे संयुग वाढतं आणि अगदी हाच वास येतो. ज्याला ठाऊक आहे तो त्यासाठी जादा पैसे मोजतो, ज्याला ठाऊक नाही तो बाटली परत करायला निघतो. मी १७ दिले, भाऊजींनी ९. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि सरासरी निघाली १३. तेरा गुणांची वाइन आम्हा दोघांपैकी कुणीच प्यायली नव्हती! गुणपत्रकाबद्दल पहिली शंका इथे आली.

रीसलिंग गोड आहे की नाही, हे लेबलवरून ओळखायचा सोपा उपाय: अल्कोहोलचा आकडा बघा. ८ टक्के असेल तर बरीच साखर न आंबवता मागे ठेवलीय. १२ किंवा वर असेल तर बहुधा कोरडी. जर्मन बाटलीवर 'ट्रोकन' (म्हणजे कोरडी) असेल तर प्रश्नच मिटला.

१ फेब्रुवारी

मला सर्दी. बैठक रद्द.

८ फेब्रुवारी: भरीव व्हाइट

सहाही शार्दोने. एकाच द्राक्षाच्या इतक्या तऱ्हा बघून ताईचा विश्वास बसेना. फ्रान्सच्या शाब्ली भागातली ताठ, आंबट, जवळजवळ खारट वाटणारी. दुसऱ्या टोकाला लोणी आणि व्हॅनिला. लोण्याचा वास डायअसिटिलचा: जिवाणू तिखट मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा तो तयार होतो. व्हॅनिला येतो ओकच्या लाकडातून.

लाकडाचा हिशेब मांडून पाहिला. बोर्दोचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, त्यातून ३०० बाटल्या निघतात. नवं पिंप महाग, आणि दोन-तीन हंगामांत त्याचा वास उतरतो. तो खर्च ३०० ने भागा आणि बाटलीवर चढवा. खालच्या थरात हे परवडत नाही, म्हणून टाकीत ओकचे तुकडे सोडतात. तुकड्यांचा वास समोरून येतो आणि घोटाबरोबर संपतो. पिंपातला वास चवीत विरघळलेला असतो. निदान आम्हाला असं वाटलं. डोळ्यांवर पट्टी बांधून पैज लावायला मी तयार नाही.

अपघात: वरच्या थरातली एक बाटली बुचाने खाल्ली. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास. हा बुचातून उतरणाऱ्या टीसीए या संयुगाचा, लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. खरी अडचण मात्र सौम्य लागणीची. पुठ्ठा कळत नाही, नुसतं फळ गायब होतं, आणि माणूस समजतो की वाइनच मिळमिळीत आहे. मित्राने सुरुवातीला "मातीचा छान गंध" असं लिहिलं होतं. आता तो कागद दाखवत नाही.

नवी बाटली आणावी लागली. ३६ ची ३७ झाली.

१५ फेब्रुवारी: भरीव रेड

तीन काबेर्ने साँव्हिन्यों, तीन सिरा (दोन्ही द्राक्षांच्या जाती). १७ अंशांवर. 'रूम टेंपरेचर' म्हणून २६-२७ अंशांवर रेड देतात, तेव्हा अल्कोहोल नाकात आधी शिरतं आणि सगळं सूपासारखं लागतं. पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला लाजू नये.

भाच्याने सांगितलं होतं की आज सात ग्लास आहेत, एक जादा बाटली घातलीय. चाखून झालं, कागद जमा झाले. दुसरा ग्लास मला फार आवडला होता: १६. शेरा, "काळी मनुका, देवदार, लांबलचक शेवट". सहाव्याला १२.५, "कडवट, घाईत केलेली".

"मामा, दोन आणि सहा एकच होती."

मी म्हटलं, वेगवेगळ्या बाटल्यांतून असेल. "एकाच बाटलीतून. जादा बाटली नव्हतीच."

ताईचा फरक एका गुणाचा, मित्राचा दोनचा, भाऊजींचा शून्य. भाऊजी रात्रभर काही बोलले नाहीत, फक्त हसत होते. कारण शोधू गेलं तर आहे: दुसरा ग्लास मवाळ सिरानंतर आला, सहावा वरच्या थरातल्या दमदार काबेर्नेनंतर, आणि तोवर जीभ टॅनिनने माखलेली. पण कारण असलं तरी साडेतीन गुण गेलेच. मी ज्या फरकावर 'घ्या' आणि 'घेऊ नका' ठरवत होतो, तो फरक एवढाच होता.

१६ फेब्रुवारी

रात्री वाचत बसलो. समदुःखी बरेच निघाले. वाइन बनवणारे प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतले तीन नमुने गुपचूप दिले होते. २००८ साली निष्कर्ष छापले: दहातला जेमतेम एक परीक्षक तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देऊ शकला. ते तर रोजचे जाणकार. १९७६ च्या पॅरिसच्या प्रसिद्ध चाचणीत कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप या वाइनरीच्या १९७३ च्या काबेर्नेने बोर्दोच्या मातब्बरांना मागे टाकलं, ते तर सगळ्यांना पाठ असतं. त्याच चाचणीत एकेका परीक्षकाचे क्रम आपसात किती विस्कटलेले होते, ते कुणी सांगत नाही.

२२ फेब्रुवारी

गुण बाजूला ठेवून साधा प्रश्न विचारला: फरक कळतो का? तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. नुसत्या नशिबाने तिनातून एकदा बरोबर येणार. चौघांनी प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे १२ प्रयत्न. ४ बरोबर आले तर अंदाजपंचे, ८ आले तर नशीब म्हणता येत नाही. २० मिलीच ओतलं, त्यामुळे तीन बाटल्यांत भागलं. मध्ये दोन तासांची विश्रांती, पाणी, कोरडा पाव.

काबेर्ने, खालचा थर विरुद्ध मधला: १२ पैकी ९.
काबेर्ने, मधला विरुद्ध वरचा: १२ पैकी ५.

तीन बाटल्यांवरून जगाचा निष्कर्ष काढणार नाही. पण खालून मध्ये जाताना जीभ सांगते आणि मधून वर जाताना लेबल सांगतं, हा संशय पक्का झाला. खालच्या थरात पैसे बूच, बाटली, वाहतूक आणि करातच संपतात. द्राक्षाच्या वाट्याला फार थोडं उरतं. थोडं वर गेलं की वाढीव पैशातला मोठा भाग बागेत आणि तळघरात जातो. त्याच्याही वर नाव, दुर्मीळपणा, जमिनीचा भाव. मधल्या बाटलीचं काच-वजन वरचीपेक्षा जास्त होतं, हेही लिहून ठेवतो. जड बाटली म्हणजे फक्त जड बाटली.

१ मार्च

सिराच्या उरलेल्या बाटल्या पुन्हा काढल्या, कारण १५ तारखेच्या कागदांत एक गोष्ट खटकली होती. तिघांनी 'काळी मिरी' लिहिलं होतं, ताईने कुठेच नाही. आज मुद्दाम तिच्यापुढे सगळ्यात मिरेदार ग्लास ठेवला. तिने तीन वेळा हुंगला.

"अरे, जांभळट फळ आहे, थोडा धूर आहे. मिरी कुठाय?"

"ताई, नुसती मिरीच आहे यात!"

"तुझ्या नाकात असेल."

तीच बरोबर होती. सिरामधली मिरी रोटंडोन या संयुगाची. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधलं, आणि साधारण पाचातल्या एकाला ते भरपूर असलं तरी जाणवत नाही. ताईचं नाक एरवी आम्हा सगळ्यांपेक्षा तिखट. बुचाची लागण तिनेच आधी पकडली होती. म्हणजे माझ्या शिफारशीत 'मिऱ्यासाठी घ्या' लिहिलं, तर पाचवा माणूस बाटलीभर मिरी शोधत बसणार.

८ मार्च: हलकी रेड

गामे, पिनो न्वार आणि मुद्दाम घुसवलेली एक नेब्बिओलो. नेब्बिओलोचा रंग फिका, म्हणून चौघांनीही बघताच 'हलकी' लिहिलं आणि घोट घेतल्यावर तोंड वाळलं. डोळा जिभेच्या आधी बोलतो. बोर्दोत ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी रेडला वापरतात तसे शब्द लिहिले. तो प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या पत्रकात रंगाला दोन गुण होते. काढून टाकले.

फ्रान्सच्या बोजोलेतल्या दहा 'क्रू'पैकी (वरच्या दर्जाचे ठरवलेले भाग) एकातली मधल्या थरातली गामे आजवरची सर्वांत बिनविरोध बाटली. १३ अंशांवर, थोडी गारच. पिनोच्या खालच्या थराबद्दल काही लिहायचं नाही. स्वस्तात चांगली पिनो शोधणं म्हणजे गाढवाच्या शिंगांचा शोध.

१५ मार्च: गोड आणि फोर्टिफाइड

ही बैठक मी नाइलाजाने शेवटी ठेवली होती, आणि तीच सर्वांत लांबली.

फिनो शेरीपासून सुरुवात. हाडासारखी कोरडी. पिंपात वाइनवर 'फ्लोर' नावाच्या यीस्टची साय धरते. ती हवा अडवते आणि साखर-ग्लिसरीन फस्त करते. ओला बदाम, कणीक, खारा वारा. खालच्या थरात वर्षानुवर्षं मुरवलेलं काही मिळत असेल तर ते शेरीतच. हल्ली पिणारे कमी, म्हणून भाव पडलेला. उघडल्यावर मात्र आठवड्यात संपवायची.

तोकाई आसू या हंगेरीच्या गोड वाइनमध्ये लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर. आकडा ऐकून भाऊजींनी घोटच छोटा घेतला, मग ग्लास पुढे केला. आंबटपणा इतका की साखर जिभेवर बसतच नाही. बुरशीने सुकवलेलं एकेक द्राक्ष वेचायचं, मजूर तोच बाग पुन्हा पुन्हा फिरणार. इथला वरचा थर मला पटतो. पैसे कष्टाचे आहेत आणि ते चवीत सापडतात. चौघांनी नाव न बघता वरचीच निवडली. सहा बैठकींत असं पहिल्यांदाच झालं.

शेवटी मडेरा. मुद्दाम तापवून, हवा लावून केलेली. जे काही बिघडायचं ते आधीच बिघडवून ठेवलेलं असल्याने उघडी बाटली महिनोन्‌महिने टिकते.

२२ मार्च

गुणपत्रक फाडलं. त्याच्या जागी प्रत्येक बाटलीला एक कार्ड: आंबटपणा, तुरटपणा, गोडवा, लाकूड, प्रत्येकी कमी-मध्यम-जास्त. खाली एक ओळ, 'कुणाला आवडणार नाही'. ही ओळ लिहायला सर्वांत अवघड आणि वाचणाऱ्याला सर्वांत उपयोगी. रीसलिंगच्या कार्डावर: "रॉकेलच्या वासाने मागे सरकणाऱ्यांना." भाऊजींनी सही करून दिली.

२९ मार्च

पाच परिचितांवर चाचणी. आधी विचारायचं: कोरा चहा चालतो का, लिंबूपाण्यात साखर किती, याआधीची कुठली बाटली नकोशी झाली. मग कार्डं बघून एक वाइन. सोबत तुलनेसाठी जुन्या सरासरीत पहिली आलेली. दोन्ही झाकलेल्या.

पाचातल्या तिघांनी कार्डवरची निवडली. एकाला दोन्ही सारख्याच वाटल्या. पाचवीने सरासरीवाली पसंत केली, मग विचारलं, "यातली महाग कुठली?" सांगितलं: दुसरी. तिने दुसरा ग्लास पुन्हा उचलला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हो, आता खोली जाणवतेय." मी काही बोललो नाही. फेब्रुवारीत माझे साडेतीन गुण कुठे गेले होते, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

५ एप्रिल

यादीत ३६ पैकी १४ राहिल्या. खालच्या थरातून ५, मधल्यातून ७, वरच्यातून २: तोकाई आणि रीसलिंग. शॅम्पेन नाही, त्यावर ताई अजून भांडतेय. खालच्या थरात पिनोची जागा कोरी सोडलीय.

मडेराची अर्धी बाटली कपाटात उभी आहे. भाच्याने त्यावर तारीख टाकून चिकटपट्टी लावली. जूनमध्ये ती आणि एक नवी उघडलेली, तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. कुठल्या ग्लासात काय ते त्याने आत्ताच कागदावर लिहून पाकीट बंद केलंय.